छतावर ऊन आणि घरात अंधार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत, भिलाई येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत आम्ही बोलावे असा कार्यकारिणीचा निरोप आला तेव्हा विषय संतसाहित्याचा, निदान नाट्यसंगीताचा तरी असेल, असे घरच्या मंडळींनी गृहीत धरले होते. विषय कळल्यावर त्यांचा हिरमोड झाला. लहान वीजनिर्मात्यांना ग्रिडला जोडण्याचे नियम आणि त्यांतील सुधारणा हे व्याख्यानाचे शीर्षक नसून फायलीचे शीर्षक आहे, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत पडले. आणि ते अगदीच चुकीचे नाही. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. केंद्र शासनाच्या सेवेतील तीस वर्षे नियम वाचण्यात, लिहिण्यात आणि आपणच लिहिलेले नियम लोकांना समजावून सांगण्यात गेली. आमचे खाते मात्र विजेचे नव्हे. या सभागृहात पोलाद कारखान्याच्या विद्युत विभागात सारी हयात घालवलेली मंडळी बसलेली आहेत. त्यांच्यापुढे आम्ही विजेविषयी बोलणे म्हणजे सूर्यापुढे काजव्याने मिरवणे होय. तेव्हा यंत्रांविषयी काही चुकले तर त्यांनी आमचा कान धरावा. नियमांविषयी मात्र आम्हांस थोडे बोलू द्यावे.

या विषयाकडे आम्हांस ओढले ते आमच्या शेजाऱ्यांनी. हे गृहस्थ कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झाले. 'पीएम सूर्यघर' योजना २०२४ च्या फेब्रुवारीत जाहीर झाली, तेव्हा आमच्या गल्लीत पहिला अर्ज त्यांनी केला. तीन किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपयांचे अनुदान मिळते. ते मिळाले, छतावर निळसर काळ्या पट्ट्या चढल्या आणि विजेचे बिल जवळजवळ नाहीसे झाले. पुढे ज्येष्ठातील एका दुपारी वीज गेली. भिलाईतील ज्येष्ठातील दुपार कशी असते ते आपणांस सांगावयास नको. गृहस्थ पंचाने मान पुसत आमच्या ओसरीवर आले आणि म्हणाले, "साहेब, छतावर ऊन मावत नाही आणि घरात पंखा फिरत नाही. लाख-दीड लाखाचं यंत्र बसवलं, ते नेमकं गरजेच्या वेळी झोपतं. हा कुठला नियम?"

प्रश्न रास्त होता. तो नियमच होता, आणि तो का आहे हे आम्हांस ठाऊक होते. पण ते पुस्तकातून नव्हे.

आमच्या तरुणपणी एका गणेशोत्सवात घडलेली गोष्ट सांगतो. गाव आणि मंडळ यांची नावे सांगत नाही. त्या मंडपात आम्हीही स्वयंसेवकाचा बिल्ला लावून मिरवत होतो, एवढी कबुली देतो. संध्याकाळच्या आरतीच्या तोंडावर पाऊस आला आणि रस्त्यावरची वीज गेली. भाड्याने आणलेले एक डिझेलचे जनित्र मंडपामागे उभे होतेच. कोणीतरी उत्साहाने त्याची तार थेट मंडपाच्या बोर्डात जोडली. मेन स्विच खाली पाडावयास हवा होता, तो पाडण्याचे कोणाच्या ध्यानात आले नाही. दिवे लागले, टाळ्या पडल्या, आरती सुरू झाली. त्याच वेळी शंभरएक पावलांवरील खांबावर एक लाइनमन चढला होता. त्याने वरच्या बाजूने तार सोडविली होती. त्याच्या हिशेबी त्याच्या हातातील तार मेलेली होती. पण आमच्या जनित्राची वीज बोर्डातून, मीटरमधून उलटी बाहेर पडून त्या तारेपर्यंत पोहोचली होती.

तो वाचला तो स्वतःच्या सवयीमुळे. तारेला हात लावण्यापूर्वी त्याने साखळी टाकून साऱ्या तारा एकत्र केल्या आणि जमिनीला जोडल्या. मोठा आवाज झाला, जनित्र गचके खाऊन बंद पडले आणि मंडप पुन्हा अंधारला. थोड्या वेळाने तो भिजलेला माणूस मंडपात आला. आम्हांस वाटले, आता शिव्यांची लाखोली वाहणार. त्याने मूर्तीपुढे हात जोडले आणि आम्हांकडे वळून एवढेच म्हटले, "भैया, मेरे घर भी गणेशजी बैठे हैं।" त्या वर्षीचा प्रसाद आम्हांस गोड लागला नाही.

तेव्हा शेजाऱ्यांच्या छतावरील इन्व्हर्टर रस्त्यावरची वीज जाताच का झोपतो, याचे पहिले उत्तर खांबावरचा माणूस हे आहे. ग्रिड मेलेले आणि एखाद्या गल्लीचा तुकडा तेवढा कोणाच्या तरी छतावरील विजेने जिवंत, अशा स्थितीला विद्युतशास्त्रात बेट म्हणतात. न कळत तयार झालेल्या बेटावर पाय ठेवणारा प्राणास मुकतो. जनित्र पुरेसे मोठे असेल तर धोका आणखी वाढतो; कारण ११,००० व्होल्टचे ४०० व्होल्ट करणारे गल्लीतील रोहित्र उलट्या बाजूने वीज शिरली असता ४०० चे ११,००० करून मोकळे होते. रोहित्राला दिशा कळत नाही.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१३ साली विखुरलेल्या लहान वीजनिर्मिती साधनांच्या जोडणीसाठी तांत्रिक मानकांचे विनियम केले, त्यांत याच भीतीचा विचार आहे. असे बेट तयार झाल्यापासून दोन सेकंदांच्या आत लहान निर्मात्याने वीज देणे थांबविले पाहिजे. विजेचा दाब नेहमीच्या ८० टक्क्यांवर उतरला किंवा ११० टक्क्यांवर चढला तर दोन सेकंदांत बाजूला झाले पाहिजे. वारंवारता ५०.५ हर्ट्झला पोहोचली किंवा ४७.५ च्या खाली गेली तर ०.२ सेकंदांत सुटले पाहिजे. वीज परत आली तरी लगेच उडी घ्यावयाची नाही. दाब व वारंवारता किमान ६० सेकंद स्थिर राहिल्यावरच पुन्हा जुळावयाचे. शिवाय वीज कंपनीच्या माणसाला हाताने बंद करता येईल असा स्विच हवा. वरवर पाहता हे सारे शहाणपणाचे आहे, आणि २०१३ साली ते तसे होतेही. राष्ट्रीय सौर मोहीम २०१० साली सुरू झाली होती. घरांच्या छतांवरील सौरवीज त्या वेळी देशाच्या हिशेबात वहीच्या समासात मावेल एवढी होती.

येथे थोडे मागे जाणे भाग आहे, कारण लहानांना ग्रिडला जोडू द्यावे की नाही हा प्रश्न सूर्याहून जुना नसला तरी सौरपट्ट्यांहून खूप जुना आहे. १९४८ च्या वीजपुरवठा अधिनियमाच्या ४४ व्या कलमान्वये सर्वसाधारणपणे राज्य वीज मंडळाच्या लेखी पूर्वसंमतीवाचून कोणास नवे वीजनिर्मिती केंद्र उभारता येत नसे. संमती द्यावी की न द्यावी हे मंडळाने ठरवावयाचे. साखर कारखान्यांना उसाच्या बगॅसवर, आपल्या छत्तीसगढातील उद्योगांना धानाच्या भुश्शावर किंवा स्पंज आयर्नच्या भट्ट्यांतून वाया जाणाऱ्या उष्णतेवर वीज करता येते, ही गोष्ट हळूहळू सर्वांच्या ध्यानात आली. मग २००३ चा विद्युत अधिनियम आला आणि त्याच्या सातव्या कलमाने एका वाक्यात सारे चित्र पालटले. वीजनिर्मितीस परवाना नको. फक्त ग्रिडशी जोडणीची तांत्रिक मानके पाळली म्हणजे झाले.

आम्ही आयुष्यभर कलमे वाचली. इतके धीट कलम क्वचितच वाचावयास मिळाले. दारात बसून 'तू कोण, कशाला आलास' असे विचारणारा द्वारपाल काढून टाकला आणि त्याच्या जागी उंबरठा ठेवला. उंबरठ्याला तोंड नसते, ओळखपाळख नसते, चहापाणी लागत नाही. त्याची उंची तेवढी बरोबर ठरवावी लागते. तेव्हापासून सारा भार त्या तांत्रिक मानकांवर येऊन पडला. ती मानके आणि त्यांतील सुधारणा म्हणूनच अभियंत्यांपुरती बाब राहिलेली नाही.

आता वारंवारतेविषयी दोन शब्द. आपल्या विजेची लय सेकंदाला पन्नास आवर्तनांची. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी चालू झाली आणि दक्षिणेचे ग्रिड उर्वरित देशाशी जुळले. तेव्हापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतची यंत्रे एका लयीत फिरतात, आणि तो शेवटचा सांधा आमच्या सोलापुरात जुळला याचा आम्हांस उगीचच अभिमान आहे. आषाढीच्या दिंडीत शेकडो टाळ एका ठेक्यावर पडतात तसेच हे. मागणी वाढली की लय किंचित मंदावते, निर्मिती जास्त झाली की किंचित चढते. ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ एवढ्या अरुंद पट्ट्यात ती राखावयाची, असा आपला ग्रिडचा दंडक आहे.

एखाद्या टाळकऱ्याचा ठेका चुकू लागला तर त्याने काय करावे? टाळ वाजवणे थांबवून गुपचूप चालावे. दिंडीला त्याचा उपद्रव होत नाही. २०१३ च्या नियमांची भावना नेमकी हीच होती. लहानाने गडबड दिसताच बाजूला व्हावे, मोठे सांभाळून घेतील. पण दिंडीतील निम्मे टाळकरी एकाच क्षणी थांबले तर?

जर्मनीत हा प्रश्न कागदावरचा राहिला नाही. तेथील नियमाप्रमाणे घरांवरील सौर इन्व्हर्टरांनी वारंवारता ५०.२ हर्ट्झला पोहोचताच सुटावयाचे होते. नियम केला तेव्हा छते थोडी होती. काही वर्षांत ती इतकी झाली की ५०.२ हा आकडा गाठताच क्षणार्धात नाहीशी होणारी वीज साऱ्या युरोपने अशा प्रसंगासाठी राखून ठेवलेल्या ३,००० मेगावॅटच्या शिलकीहून कितीतरी अधिक झाली. म्हणजे वीज थोडी जास्त झाली म्हणून सारे एकदम सुटणार, आणि त्यामुळे जास्तीची तूट होऊन अंधार पडणार. २०१२ च्या जुलैत जर्मन शासनाला वटहुकमासारखा खास नियम काढून सुमारे ३ लाख १५ हजार बसविलेल्या संचांत फेरफार करावा लागला. माणसे घरोघर, शेतोशेत पाठवून.

इंग्लंडात ९ ऑगस्ट २०१९ रोजी संध्याकाळी पाचच्या सुमारास एका पारेषण वाहिनीवर वीज पडली. वीज पडणे ही रोजचीच बाब. पण त्या धक्क्याने समुद्रातील एक मोठे पवनक्षेत्र आणि एक वायुविद्युत केंद्र बाजूला पडले, आणि त्याच क्षणी देशभर विखुरलेली शेकडो मेगावॅटची लहान निर्मिती 'बेट झाले' असे समजून आपणहून सुटली. बेट कोठेच झाले नव्हते. दहा लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली आणि शुक्रवारच्या संध्याकाळी घरी निघालेले लोक आगगाड्यांत तासन्‌तास अडकले.

परदेशातील उदाहरणे सांगून आम्ही आपली सोडवणूक करून घेत नाही. आपल्याकडेही त्याच काळात मोठा धडा मिळाला होता. ३० जुलै २०१२ च्या पहाटे उत्तरेचे ग्रिड कोसळले, सुमारे ३६,००० मेगावॅटची मागणी अंधारात गेली; आणि दुसऱ्याच दिवशी भर दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही ग्रिडे गेली. छत्तीसगढ पश्चिम विभागात येते, म्हणून आपल्याकडे दिवे जळत राहिले. पण ३१ तारखेला उत्तर-पूर्वेपासून तुटताच या पश्चिम विभागात वीज एकाएकी जास्त झाली आणि वारंवारता ५१ हर्ट्झच्या वर गेली. पुढच्याच वर्षीच्या विनियमांत लहानांसाठी ५०.५ हा आकडा आला. त्या दिवशी नागपूरपासून रायपूरपर्यंतच्या लाखो छतांवर संच असते आणि ते सारे ०.२ सेकंदांत सुटले असते, तर वाचलेला पश्चिम विभागही वाचला असता काय, हा विचार आम्हांस पुष्कळ रात्री पडला आहे.

आकडेमोड साधी आहे. आपल्या भिलाईत पोलाद प्राधिकरण आणि राष्ट्रीय औष्णिक विद्युत महामंडळ यांच्या संयुक्त कंपनीचे २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. तीन किलोवॅटची सुमारे १ लाख ६७ हजार छते मिळून तेवढीच क्षमता होते. ते दोन संच पाव सेकंदात, न विचारता बंद पडावेत असा नियम कोणी करील काय? सूर्यघर योजनेत एक कोटी घरांचे लक्ष्य आहे. घरी तीन किलोवॅट धरले तर ते ३०,००० मेगावॅट झाले. ३० जुलैच्या पहाटे गेलेल्या मागणीच्या जवळपास. आमच्या टिपणीच्या भाषेत 'संख्या अल्प, सबब परिणाम नगण्य' असा एक शेरा असतो. आमच्या स्वतःच्या हस्ताक्षरातले असे शेरे कोणत्या कोणत्या फायलींत असतील या विचाराने आम्ही आता चपापतो.

जगभर नियमांची दिशा यासाठीच पालटत आहे. अमेरिकेतील विद्युत अभियंत्यांच्या संस्थेचे २००३ चे मानक 'गडबड दिसताच सुटा' असे सांगत होते. २०१८ च्या सुधारित मानकाने 'थोडा धक्का सोसून जोडलेले राहा, आणि जमल्यास दाब सावरावयास मदत करा' असे सांगितले. आपल्या प्राधिकरणानेही २०१९ मध्ये २०१३ च्या विनियमांत दुरुस्ती केली आणि विजेच्या गाड्यांची चार्जिंग केंद्रेही त्यांच्या कक्षेत घेतली. कागद बदलता येतो. पण छतावरील इन्व्हर्टर ज्या वर्षी बसला त्या वर्षीचा नियम पोटात घेऊन बसलेला असतो, आणि तो दहा-पंधरा वर्षे तेथेच राहतो. आपण कागदावर नवे कलम लिहितो तेव्हा वर छतावर जुने कलम उन्हात काम करीत असते. म्हणून लहानांसाठीचा नियम करताना ते लहान आहेत हे विसरून, ते सारे एकत्र आले तर केवढे होतील हे पाहून लिहावयास हवे. आम्हांस या विषयात काही सांगावयाचे असेल तर ते एवढेच.

दुसरी अडचण गल्लीची. एका रोहित्रावर किती छते जोडू द्यावीत? अमेरिकेत बरीच वर्षे एक ठोकताळा होता. वाहिनीच्या त्या भागावरील वर्षातील सर्वोच्च मागणीच्या १५ टक्क्यांपर्यंत लहान निर्मिती असेल तर फारशी चौकशी न करता जोडणी द्यावी. कारण सर्वांत कमी मागणीही बहुधा त्याहून जास्तच असते आणि वीज उलटी वाहत नाही. तेथील संघीय ऊर्जा नियामक आयोगाने २० मेगावॅटपर्यंतच्या निर्मात्यांसाठी २००५ साली एकसारखी कार्यपद्धती घातली आणि २०१३ साली ती सुधारली. त्या सुधारणेतील एक कलम आम्हांस फार आवडले. अर्ज करण्याआधीच ३०० डॉलर भरून त्या ठिकाणच्या वाहिनीची स्थिती विचारता येते. पंधरा टक्क्यांत न बसणाऱ्यासही दार एकदम बंद होत नाही. वाहिनीवरील किमान मागणीशी ताडून पाहण्याची दुसरी संधी मिळते, आणि सौरनिर्मितीसाठी ती मागणी दिवसाउजेडाची धरावयाची, रात्रीची नव्हे. महाराष्ट्रात २०१५ च्या नियमांत रोहित्राच्या क्षमतेच्या ४० टक्क्यांपर्यंत मुभा होती, ती २०१९ मध्ये ७० टक्के झाली. ठोकताळे अनुभवाने सैल होतात हे चांगलेच; फक्त ज्याचा अर्ज शेवटचा येतो त्याला 'रोहित्र भरले' असे उत्तर मिळते. आधी आलेल्यांनी सारे वापरून टाकले आणि नंतर आलेल्याने खर्च सोसावा, हा न्याय आमच्या मनास पटत नाही.

यावर २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्राने ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली, ती बरीच उदार आहे. दहा किलोवॅटपर्यंतच्या छतांसाठी तांत्रिक व्यवहार्यतेची तपासणी नको. अर्ज सर्व बाबतींत परिपूर्ण असेल तर तो मंजूर झाला असे समजावयाचे. त्याहून मोठ्यांसाठी तपासणीची मुदत वीस दिवसांवरून पंधरावर आणली. पाच किलोवॅटपर्यंत गल्लीतील तारा-रोहित्र मजबूत करण्याचा खर्च वीज कंपनीने करावयाचा.

'सर्व बाबतींत परिपूर्ण' हे शब्द वाचून आम्ही गालांत हसलो होतो. हे शब्द आम्ही स्वतः किती मसुद्यांत घातले असतील! पुढे तेच शब्द आमच्या दारात येऊन उभे राहिले.

आमचे तीर्थरूप १९५९ साली वर्धा जिल्ह्यातून भिलाईस आले. त्याच वर्षी ४ फेब्रुवारीस राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिली झोतभट्टी सुरू झाली होती. बाबांची सारी नोकरी भट्टीला वारा आणि कारखान्याला वीज देणाऱ्या केंद्रात गेली. पोलाद कारखान्यात बेट ही मुद्दाम बांधून ठेवलेली सोय असते. बाहेरचे ग्रिड डळमळले की कारखाना आपले बेट करून वेगळा होतो. भट्टीचा वारा आणि गार ठेवणारे पाणी थांबून चालत नाही. मग पुन्हा जुळण्याची वेळ येते. लहानपणी बाबा आम्हांस जेवताना ताटात बोट फिरवून सांगत, "हे बघ, सिंक्रोस्कोपचा काटा असा हळूहळू फिरतो. बाराच्या जवळ आला, की बाराच्या किंचित आधी स्विच दाबायचा. घाई केली तर यंत्र धक्का खातं, उशीर केला तरी खातं. काटा आपल्यासाठी थांबत नाही रे, आपण त्याच्यासाठी थांबायचं." आई म्हणे, "आधी वरण-भात संपवा, मग काटा फिरवा."

बाबा निवृत्त झाल्यावर त्यांनी घर बांधले. विजेची जोडणी त्यांच्या नावे. दोन वर्षांपूर्वी ते गेले. घरपट्टी, बँक, निवृत्तिवेतन, सारे कागद आम्ही यथावकाश पुरे केले. विजेच्या बिलावरील नाव तेवढे तसेच राहू दिले. कारण सांगावयाचे तर आळस, असे आम्ही लोकांस सांगत असू. खरे असे की दर महिन्याला दारात एक कागद येई आणि त्यावर त्यांचे पूर्ण नाव छापलेले असे. तसा तो एकच कागद उरला होता.

आम्ही तीन किलोवॅटसाठी अर्ज केला आणि तो परत आला. अर्जदार आणि ग्राहक यांची नावे जुळत नव्हती. अर्ज परिपूर्ण नव्हता. त्यात कोणाचाही दोष नव्हता. आम्ही त्या खुर्चीवर असतो तर हाच शेरा लिहिला असता, अधिक सुवाच्य अक्षरात. मृत्यूचा दाखला, भावंडांची ना-हरकत, प्रतिज्ञापत्र असे सारे सोपस्कार झाले. धाकट्या बहिणीची सही पुण्याहून टपालाने आली; सोबतच्या चिठ्ठीत तिने लिहिले होते, "दादा, आता बिलावर बाबा दिसणार नाहीत ना?" आम्ही तिला उत्तर लिहिले नाही, दूरध्वनी केला.

नावबदल झाला आणि नवा अर्ज विनातक्रार पुढे सरकला. संच बसल्यावर मीटर लावावयास दोघे जण आले. एक वयस्क, एक नवा. वयस्काने मेन स्विच पाडला आणि इन्व्हर्टरकडे पाहत उभा राहिला. डोळ्याचे पाते लवण्याच्या आत त्यावरील आकडा शून्य झाला. त्याने तारेवर टेस्टर धरून पाहिला, तो विझलेला होता. मग स्विच पुन्हा चढविला. इन्व्हर्टर लगेच जागा झाला नाही. पडद्यावर सेकंद मोजत राहिला. आमची आई खुर्चीवर बसून हे पाहत होती. "आता कशासाठी थांबलंय ते?" तिने विचारले. आम्ही म्हटले, "काटा बारावर यायची वाट पाहतंय." ती काही बोलली नाही. साठ सेकंदांनंतर यंत्र जुळले; आवाजही झाला नाही.

जाताना त्या वयस्क माणसास आम्ही विचारले, इतका वेळ टेस्टर धरून का पाहत होता? यंत्रावर तर शून्य दिसतच होते. तो म्हणाला, "साहब, खंभे पर मशीन नहीं, हम चढ़ते हैं।"

शेजारच्या फोरमनसाहेबांना आम्ही हे सारे सांगितले. त्यांचा पंखा मात्र त्याने फिरणार नव्हता. त्यांना उपाय हवा असेल तर तो असा : बॅटरीसह मिळणारा दुसऱ्या जातीचा इन्व्हर्टर घ्यावा. रस्त्यावरची वीज गेली की तो घराला रस्त्यापासून आपणहून तोडतो आणि मगच घरापुरते दिवे-पंखे चालवितो. बाहेर एक थेंबही वीज जाऊ देत नाही. कारखान्याचे बेट होते तसेच, फक्त दोन खोल्यांचे. त्याला पैसे बरेच पडतात, बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते, आणि तो घेताना वीज कंपनीस कळविणे व जोडणी मान्यताप्राप्त माणसाकडून करून घेणे आवश्यक आहे. फोरमनसाहेबांनी हिशेब करून पाहिला आणि सध्या हाताचा पंखा बरा असे ठरविले आहे. ते आज समोर बसलेले आहेत. त्यांचे प्रश्न अजून संपलेले नाहीत, असे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसते. तेव्हा आम्ही येथे थांबतो आणि त्यांना व्यासपीठावर बोलावतो.